स्वयंपाकघरातील उपकरणांचे वय आणि आयुष्य

बैल विकत घेण्यापूर्वी जाणता शेतकरी त्याचे दात पाहतो. तोडलेल्या झाडाचे वय बुंध्यावरील वलये मोजून सांगता येते. सजीवांच्या शरीरावर काळ आपली खूण आपोआप उमटवीत असतो. मनुष्याने बनविलेल्या वस्तूंवर मात्र ती खूण बनविणाऱ्याला मुद्दाम उमटवावी लागते, आणि पुष्कळदा ती अशा सांकेतिक भाषेत उमटविलेली असते की, वापरणाऱ्याला तिचा काहीच उलगडा होत नाही.

समजा, देहरादून येथील एखाद्या कुटुंबाने जुना बंगला विकत घेतला आणि त्याच्या स्वयंपाकघरात एक भारी कुकिंग रेंज आयतीच मिळाली. वर चार बर्नर, खाली ओव्हन, समोर काचेचा दरवाजा आणि मधोमध विजेवर चालणारे घड्याळ. आधीच्या मालकाने जाताना एवढेच सांगितले की, ती फारशी जुनी नाही. घरातील वडीलधाऱ्यांना इतकी धडधाकट वस्तू भंगारात देणे जिवावर येते, तर तरुण मंडळींना ती पेटविण्याची धास्ती वाटते. दोन्ही पक्षांजवळ भावना आहे, माहिती नाही. ही रेंज किती वर्षांची आहे आणि ती अजून किती वर्षे निर्धोकपणे चालेल, हे दोन प्रश्न त्यांच्यापुढे आहेत. ते वेगवेगळे आहेत, आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. पहिल्याचे उत्तर उपकरणावरील अक्षरांत मिळते, दुसऱ्याचे उत्तर त्याच्या अवयवांत.

नामपट्टीची भाषा

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उपकरणावर धातूची अथवा चिकट कागदाची एक लहान नामपट्टी असते. उत्पादकाचे नाव व पत्ता, प्रतिमानाचा म्हणजे मॉडेलचा क्रमांक, त्या एका नगाचा अनुक्रमांक, विजेचा दाब, इंधनाचा प्रकार आणि मानकाची खूण इतका मजकूर तिच्यावर असतो. दर्शनी भागाची शोभा बिघडू नये म्हणून ती सहसा आडबाजूला लावलेली असते. कुकिंग रेंजमध्ये ती ओव्हनच्या दरवाजाच्या चौकटीवर, खालच्या खणामागे किंवा पाठीवर सापडते. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ती पाठीवर किंवा दरवाजा उघडल्यावर दिसणाऱ्या कडेवर असते, तर शेगडीला ती तळाशी असते. तिच्यावरील तेलकट थर साबणाच्या कोमट पाण्याने हलक्या हाताने पुसावा. घासणीने खरवडल्यास मळाबरोबर अक्षरेही निघून जातात.

प्रतिमानाचा क्रमांक उपकरणाची जात सांगतो, तर अनुक्रमांक त्या नगाची ओळख सांगतो. उत्पादनाचा काळ बहुधा या अनुक्रमांकात दडलेला असतो. काही उत्पादक महिना व वर्ष सरळ छापतात, आणि मग काही प्रश्नच उरत नाही. काहीजण वर्षाचे शेवटचे दोन अंक व त्यापुढे आठवड्याचा क्रमांक देतात. अशा अनुक्रमांकात ‘९८१४’ हे अंक असल्यास १९९८ सालचा चौदावा आठवडा, म्हणजे मार्च-एप्रिलचा सुमार, असा त्याचा अर्थ होतो. काहीजण आकड्यांऐवजी अक्षरे वापरतात.

अक्षरांच्या पद्धतीचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक या नावाने विकल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांच्या अनुक्रमांकाच्या आरंभी दोन अक्षरे असतात. पहिले अक्षर महिना दाखविते व दुसरे वर्ष. बारा महिन्यांसाठी ए, डी, एफ, जी, एच, एल, एम, आर, एस, टी, व्ही आणि झेड ही बारा अक्षरे निवडलेली आहेत. वर्षांसाठीही तीच बारा अक्षरे क्रमाने येतात, आणि ती संपली की चक्र पुन्हा ‘ए’पासून सुरू होते. त्यामुळे वर्षाच्या जागी असलेले ‘ए’ हे अक्षर १९७७, १९८९, २००१ किंवा २०१३ यांपैकी कोणतेही साल असू शकते.

ही अडचण भारतीय वाचकाला अपरिचित नाही. पंचांगातील साठ संवत्सरांची नावेही अशीच फिरून फिरून येतात. एखाद्या जुन्या कागदावर नुसते ‘प्रभव संवत्सर’ असे लिहिलेले आढळले, तर त्यावरून साल निश्चित होत नाही. शक अथवा इतर काही पुरावा जोडीला लागतो. अनुक्रमांकाचे चक्र तर अवघ्या एका तपाचे आहे. म्हणून केवळ त्याच्यावर विसंबणारा मनुष्य बारा वर्षांनी चुकू शकतो, आणि स्वयंपाकाच्या उपकरणाच्या बाबतीत बारा वर्षे म्हणजे जवळजवळ एक संपूर्ण आयुष्य होय.

परिस्थितीजन्य पुरावा

अशा वेळी इतिहाससंशोधकाची रीत उपयोगी पडते. तारीख नसलेल्या दस्तऐवजाचा काळ ठरविताना संशोधक त्यातील नावे व संस्था पाहतो. नामपट्टी, हमीपत्र आणि माहितीपुस्तिका यांनाही हीच कसोटी लावता येते.

भारतीय टपाल खात्याने सहा अंकी पिन क्रमांकाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केली. तेव्हा ज्या नामपट्टीवरील पत्त्यात असा क्रमांक आहे, ती त्या दिवसापूर्वीची असणे शक्य नाही. पत्त्यात ‘बॉम्बे’ असेल तर उपकरण बहुधा १९९५ पूर्वीचे, ‘मद्रास’ असेल तर १९९६ पूर्वीचे, ‘कलकत्ता’ असेल तर २००१ पूर्वीचे आणि ‘बंगलोर’ असेल तर २०१४ पूर्वीचे. कारण त्या त्या वर्षी या शहरांची नावे अधिकृतपणे बदलली. हमीपत्रावर भारतीय मानक संस्थेचे जुने इंग्रजी नाव, ‘इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन’, पूर्ण लिहिलेले असल्यास ते बहुधा १९८७ पूर्वीचे असते. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आले. ‘आयएसआय’ हे चिन्ह मात्र तसेच चालू राहिले. मानकाच्या क्रमांकापुढे त्या मानकाच्या आवृत्तीचे वर्ष छापलेले असेल, तर उपकरण त्या वर्षाच्या आधीचे नाही एवढे निश्चित होते.

या पुराव्यांचे दोन प्रकार आहेत हे ध्यानात ठेवावे. पिन क्रमांक आणि मानकाचे वर्ष ‘याच्या आधीचे नाही’ असे सांगतात, आणि हे विधान पक्के असते. शहराचे जुने नाव ‘याच्या फारसे नंतरचे नाही’ असे सांगते, आणि हे विधान सैल असते. कारण छापून ठेवलेल्या पट्ट्या व पुस्तिका संपेपर्यंत वापरल्या जातात. दोन्ही टोके सापडली की मधला काळ आटोक्यात येतो. देहरादूनच्या रेंजवर पिन क्रमांकासह ‘बॉम्बे’ असा पत्ता असेल आणि अनुक्रमांकात वर्षाचे शेवटचे दोन अंक ८९ असतील, तर तिच्या जन्मसालाविषयी फारशी शंका उरत नाही. ती तीन दशकांहून जुनी आहे, आणि आधीच्या मालकाचे ‘फारशी जुनी नाही’ हे विधान टिकत नाही.

खरेदीची पावती हा सर्वांत सोपा पुरावा. परंतु ती विक्रीची तारीख सांगते, उत्पादनाची नव्हे. महागडी उपकरणे कमी खपत असल्यामुळे गोदामात अथवा दुकानाच्या दर्शनी भागात बराच काळ राहू शकतात. भट्टी त्या काळात तापत नाही, पण तिच्यातील रबराचे वय वाढतच असते.

सरासरीचा अर्थ

वय कळले, तरी आयुष्य कळत नाही. अमेरिकेतील गृहबांधणी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने २००७ मध्ये घरातील निरनिराळ्या घटकांच्या अपेक्षित आयुष्याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गॅसवरील कुकिंग रेंजचे आयुष्य सुमारे १५ वर्षे, विजेवरील रेंजचे १३ वर्षे आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचे ९ वर्षे दिले आहे. असे आकडे पाहून पुष्कळजण असे समजतात की, पंधरावे वर्ष सरले की रेंज निकामी होते. सरासरीचा अर्थ तसा नसतो. काही रेंज आठव्या वर्षीच मोडीत निघतात व काही पंचवीस वर्षे चालतात, तेव्हा कोठे सरासरी पंधराच्या घरात येते. शिवाय एखादे उपकरण टाकून दिले जाते, याचा अर्थ ते मेले असाही नसतो. घर बदलले, स्वयंपाकघराची रचना बदलली किंवा सुटा भाग मिळाला नाही, म्हणूनही चांगली उपकरणे बाहेर पडतात.

वर्षांपेक्षा वापराचे तास अधिक खरे बोलतात. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये सूक्ष्मलहरी निर्माण करणारी मॅग्नेट्रॉन नावाची नळी असते. बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी १९४० मध्ये रडारसाठी ती परिणामकारक रूपात विकसित केली, आणि १९४५ मध्ये पर्सी स्पेन्सर या अमेरिकी अभियंत्याने तिचा अन्न शिजविण्याकडे उपयोग करून घेतला. घरगुती मॅग्नेट्रॉनचे आयुष्य ढोबळमानाने दोन हजार तास धरले जाते. ज्या घरात हा ओव्हन दररोज वीस मिनिटे चालतो, तेथे वर्षाला सुमारे १२२ तास भरतात आणि नळी सोळा वर्षे पुरू शकते. तोच ओव्हन एखाद्या उपाहारगृहात रोज सहा तास चालविला, तर दोन हजार तास एका वर्षाच्या आतच संपतात. दोन्ही ओव्हन एकाच दिवशी बनले असले, तरी त्यांना समवयस्क म्हणणे कठीण आहे.

प्रत्येक अवयवाचे वय निराळे

येथे या विषयाच्या मर्माशी आपण येऊन पोहोचतो. स्वयंपाकाचे उपकरण एकसंध वस्तूसारखे म्हातारे होत नाही. लोखंड, पितळ, काच, रबर, तांब्याची तार आणि इलेक्ट्रॉनिक पट्टी हे त्याचे घटक वेगवेगळ्या कारणांनी व वेगवेगळ्या गतीने झिजतात. म्हणून उपकरणाचे एकच वय सांगणे अपुरे ठरते. त्याच्या प्रत्येक अवयवाचे वय विचारावे लागते, आणि सुरक्षिततेचा निर्णय सर्वांत दुबळ्या अवयवावरून करावा लागतो.

ओतीव लोखंड व जाड पोलाद यांना योग्य निगा मिळाल्यास मनुष्याच्या आयुष्याहून अधिक काळ टिकता येते. पितळी बर्नरही दीर्घायुषी असतात. त्यांची छिद्रे तेवढी तुंबतात. गॅसच्या बटणामागील झडपेत विशेष प्रकारचे वंगण असते. ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकते आणि बटण जड फिरू लागते. ही तक्रार पुष्कळ घरांत सवयीने सहन केली जाते. वस्तुतः ती झडप उघडून साफ करण्याची वेळ आल्याची सूचना असते.

ओव्हनमधील प्रज्वलकाची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. अनेक गॅस-ओव्हनमध्ये सिलिकॉन कार्बाइडची एक दांडी विजेने तापून तांबडीलाल होते. तिच्यातून पुरेसा प्रवाह वाहू लागल्यावरच सुरक्षा-झडप गॅसला वाट देते. दांडी जसजशी जुनी होते, तसतसा तिचा विद्युत-विरोध वाढतो व प्रवाह घटतो. ती लाल झालेली दिसते, परंतु झडप उशिरा किंवा अपुरी उघडते. ओव्हन पेटण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागणे आणि पेटताना क्षणभर गॅसचा वास येणे, ही तिच्या वार्धक्याची चिन्हे होत.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची पट्टी हा आधुनिक महागड्या उपकरणांचा सर्वांत नाजूक अवयव आहे. तिच्यावरील कॅपॅसिटर नावाच्या घटकांत एक द्रव असतो व तो उष्णतेने हळूहळू उडून जातो. अभियंत्यांचा एक ढोबळ नियम असा आहे की, तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की अशा घटकाचे आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कॅपॅसिटर या हिशेबाने ७५ अंशांवर १६,००० तास आणि ५५ अंशांवर ६४,००० तास टिकतो. घड्याळ अहोरात्र चालू असते. तेव्हा १६,००० तास म्हणजे दोन वर्षांहूनही कमी आणि ६४,००० तास म्हणजे सात वर्षांहून थोडे अधिक. पट्टीच्या जागी वारा खेळता आहे की नाही, एवढ्याशा गोष्टीने तिच्या आयुष्यात काही वर्षांचा फरक पडतो. भिंतीत घट्ट बसविलेल्या ओव्हनभोवती उत्पादक मोकळी जागा सोडण्यास सांगतो, तो याचसाठी.

रबर मात्र काम न करताही म्हातारे होते. हवेतील प्राणवायू व उष्णता यांच्यामुळे त्याच्या रेणूंची रचना बदलते. ते कडक होते आणि वाकविल्यावर त्यावर बारीक चिरा दिसतात. ओव्हनच्या दरवाजाची पट्टी असो, प्रेशर कुकरची रिंग असो किंवा गॅसची नळी असो, हा नियम सर्वांना लागू आहे. दरवाजाची पट्टी निकामी झाली तर उष्णता वाया जाते; गॅसची नळी निकामी झाली तर घर धोक्यात येते. भारतातील तेल कंपन्यांकडून मिळणारी पोलादी तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळी दर पाच वर्षांनी बदलावयाची असते. हजारोंनी रुपये किमतीच्या शेगडीला मुदत संपलेली नळी जोडलेली असणे, हे आपल्या स्वयंपाकघरांतील नेहमीचे दृश्य आहे.

सिलिंडरवरील खूण

भारतात द्रवीकृत पेट्रोलियम गॅस घरोघरी पोहोचविण्याचे काम १९५५ मध्ये मुंबईत बर्मा-शेल कंपनीने सुरू केले. इंडियन ऑइलची ‘इंडेन’ ही पहिली जोडणी १९६५ मध्ये कलकत्त्यात देण्यात आली. आज कोट्यवधी कुटुंबे या सिलिंडरवर स्वयंपाक करतात, परंतु त्यावरील खूण वाचणारी माणसे थोडी आहेत.

सिलिंडरच्या माथ्यावरील गोल कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूस ‘बी-३१’ अशासारखे अक्षर व अंक रंगविलेले असतात. ‘ए’ म्हणजे मार्चअखेरची तिमाही, ‘बी’ म्हणजे जूनअखेरची, ‘सी’ म्हणजे सप्टेंबरअखेरची आणि ‘डी’ म्हणजे डिसेंबरअखेरची. अंक वर्षाचे असतात. ‘बी-३१’ याचा अर्थ, हा सिलिंडर २०३१ च्या जूनअखेरपर्यंत चाचणीसाठी गेला पाहिजे. या खुणेला पुष्कळजण सिलिंडरची अंतिम तारीख समजतात, ते बरोबर नाही. नव्या सिलिंडरची पहिली वैधानिक चाचणी दहा वर्षांनी व त्यानंतरची दर पाच वर्षांनी होते. तीत उतरलेला सिलिंडर पुन्हा रंगवून व नवी खूण देऊन वापरात आणतात. चाचणीची मुदत उलटलेला सिलिंडर दारात आला, तर ग्राहकाने तो स्वीकारू नये.

ही पद्धत एका दृष्टीने आदर्श आहे. सिलिंडर किती वर्षे जगेल याचे भाकीत ती करीत नाही. तो तपासल्यावाचून किती काळ वापरता येईल, एवढेच सांगते. घरातील इतर उपकरणांच्या बाबतीतही हाच विचार अधिक शहाणपणाचा आहे.

दीर्घायुषी चुलीचा धडा

अवयव बदलत राहिल्यास एखादे उपकरण किती काळ जगू शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण युरोपात आहे. स्वीडनचे संशोधक गुस्ताफ दालेन यांना दीपगृहांच्या स्वयंचलित नियंत्रकांसाठी १९१२ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलीन वायूच्या प्रयोगात झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९२२ मध्ये, या अंध संशोधकाने एक नवी चूल तयार केली. ओतीव लोखंडाच्या जड गाभ्यात मंद विस्तवाची उष्णता साठवावयाची, भोवती उष्णतारोधक थर ठेवावयाचा आणि साठलेल्या उष्णतेवर भाजणे, उकळणे व शिजविणे अशी सर्व कामे करावयाची, असे तिचे तत्त्व होते. त्यांच्या कंपनीच्या आद्याक्षरांवरून ती ‘आगा’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

१९२९ मध्ये आगा ब्रिटनमध्ये आली व सुखवस्तू घरांची ओळख बनली. तिचे लोखंडी भाग पुढे दीर्घकाळ कोलब्रुकडेल येथील ओतशाळेत ओतले जात. याच गावी अब्राहम डार्बी यांनी १७०९ मध्ये कोक वापरून लोखंड गाळण्यात यश मिळविले होते. ती ओतशाळा २०१७ मध्ये बंद झाली. जुन्या आगाचे वय ठरविण्यास तिचा रंगही साहाय्य करतो. १९५६ पर्यंत ती केवळ सायीच्या रंगाची मिळत असे. फिकट निळा, फिकट हिरवा, करडा व पांढरा हे रंग त्या वर्षी आले. तथापि रंगाचा पुरावा सावधपणे घ्यावा लागतो, कारण जुन्या चुली खोलून, नवा मुलामा चढवून पुन्हा उभारल्या जातात.

२००९ मध्ये ब्रिटनमधील सर्वांत जुन्या चालू आगाचा शोध घेण्यात आला, तेव्हा ससेक्स परगण्यात १९३२ साली बसविलेली चूल पुढे आली. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ टिकण्याचे कारण केवळ जाड लोखंड नव्हते. या चुलीचे भाग सुटे करता येतात, ते पुढेही मिळत राहिले, आणि कोळशावर चालणाऱ्या चुलीचे तेलावर, गॅसवर अथवा विजेवर रूपांतर करणारे कारागीर उपलब्ध होते. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परंपरागत आगा चोवीस तास तापलेली राहते आणि त्यामुळे इंधन पुष्कळ खाते. दीर्घायुष्य हा उपकरणाचा गुण खरा, परंतु तो एकमेव गुण नव्हे. शिवाय जुन्या युरोपीय व अमेरिकी चुलींच्या अस्तरात व दरवाजाच्या दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने अशी चूल घरच्या घरी फोडू नये.

ठेवावे की टाकावे

या विवेचनावरून असे दिसेल की, महागड्या उपकरणाचे आयुष्य शेवटी सुट्या भागांच्या उपलब्धतेवर ठरते. दणकट लोखंडी रेंज पंधरा वर्षांपूर्वीच्या एका इलेक्ट्रॉनिक पट्टीसाठी अडून बसते, तर साध्या यांत्रिक झडपांची तिची वडील बहीण कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या हातून दुरुस्त होऊन चालू लागते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. ज्या चार क्षेत्रांवर तिने लक्ष केंद्रित केले, त्यांत टिकाऊ घरगुती वस्तूंचा समावेश होता. खरेदीच्या वेळी किंमत व रंग यांबरोबरच ‘या प्रतिमानाचे सुटे भाग किती वर्षे मिळतील’ हा प्रश्न विचारण्याची सवय ग्राहकांना लागली, तर या हक्काला खरा अर्थ येईल.

जुन्या उपकरणाची तपासणी करताना क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम गॅसचा मार्ग पाहावा. रेग्युलेटर, नळी आणि जोड यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे असे समजावे. काडी ओढून गळती शोधणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या मदत-क्रमांकावर कळवावे. त्यानंतर ज्योत पाहावी. ती निळी व स्थिर असावी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत अपूर्ण ज्वलनाची व विषारी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देते. रेंज ज्या इंधनासाठी बनविली आहे, तेच तिला दिले जात आहे ना, हेही नामपट्टीवरून ताडून पाहावे. नळाने येणाऱ्या नैसर्गिक गॅसचा दाब व उष्मांक निराळे असल्याने त्यासाठी बर्नरची तोटी बदलावी लागते.

ओव्हनचा तापमान-नियंत्रक कालांतराने खोटे बोलू लागतो. त्याची परीक्षा चमचाभर साखरेने करता येते. साखर सुमारे १८६ अंश सेल्सिअसला वितळते. ओव्हन १७५ अंशांवर ठेवल्यास ती पंधरा मिनिटांत वितळू नये आणि १९० अंशांवर ठेवल्यास वितळावी. तसे न घडल्यास नियंत्रकाची दुरुस्ती करून घ्यावी. मायक्रोवेव्ह ओव्हनचे कवच मात्र घरी कधीही उघडू नये. त्याची पिन काढल्यानंतरही आतील कॅपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार राहू शकतो.

शेवटी हिशेब येतो. दुरुस्तीचा खर्च नव्या उपकरणाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल आणि उपकरणाने सरासरी आयुष्याचा बराचसा भाग ओलांडला असेल, तर नवे घेणे सहसा हितावह ठरते. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. नळी, रिंग, प्रज्वलक आणि नियंत्रक यांची दुरुस्ती बहुधा किफायतशीर असते. गंजून फाटलेली ओव्हनची आतली पेटी किंवा न मिळणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी हा बहुधा शेवट असतो. टाकावयाचे ठरल्यास विजेवरील उपकरण अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे. त्यातील तांबे व पोलाद पुन्हा उपयोगात येते.

देहरादूनच्या त्या कुटुंबाला आता भावनेवर विसंबण्याचे कारण नाही. १९८९ ची रेंज सरासरी आयुष्याच्या दुप्पट जगली आहे, म्हणून ती आपोआप टाकाऊ ठरत नाही, आणि तिचे पोलाद भक्कम आहे, म्हणून ती आपोआप निर्धोकही ठरत नाही. नळी व रेग्युलेटर नवे घालून, झडपा साफ करून आणि प्रज्वलक बदलून जाणकार कारागिराने ती चालू करून दाखविली, तर वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे ठरेल. झडपच गळत असेल व तिचा जोडीदार भाग कोठेही मिळत नसेल, तर तरुणांचे. दोन्हीपैकी काहीही ठरले, तरी त्या दिवसाची तारीख आणि बदललेल्या प्रत्येक भागाचे नाव एका चिठ्ठीवर लिहून ती नामपट्टीशेजारी चिकटवून ठेवावी. पुढे कधी ते स्वयंपाकघर दुसऱ्या कोणाच्या हाती गेले, तर त्यांना वयाचा अंदाज बांधत बसावे लागणार नाही.